खिडकीतला मनोरा

मादाम सोलांज कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला हात लावायच्या आणि मग घरातल्या माणसांशी हात मिळवायच्या. आमच्या मस्कतमधल्या, रुवी भागातल्या फ्लॅटवर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा गणपती बसलेले होते. आरतीला शेजारपाजारची मंडळी जमली होती, आणि ही उंच, पांढऱ्या केसांची फ्रेंच बाई मखराकडे न बघता मखरामागची भिंत बोटांनी वाजवत उभी. माझ्या सासूबाई तेव्हा देशातून महिनाभरासाठी आल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "अगं, यांचं काही हरवलंय का?"

मादामनी भिंतीला कान लावला. मग पर्समधून खडू काढला, माझी रीतसर परवानगी घेतली आणि मखराच्या डाव्या अंगाला एक लहानसं वर्तुळ काढलं. "इथे पाणी आहे," त्या म्हणाल्या. "देवाला जरा उजवीकडे सरकवता येईल का?"

बसवलेला गणपती सरकवायचा! सासूबाईंनी ते भाषांतर पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. विसर्जन होऊन आठवडा होतो न होतो तोच वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि खडूच्या वर्तुळातला गिलावा अख्खा खाली आला. तेव्हापासून सासूबाई लांज्याहून फोन केला की आधी नातवंडांची चौकशी करतात आणि मग विचारतात, "तुझी ती पाणीवाली बाई बरी आहे ना?"

पाणीवाली बाई बरी कधीच नसायची. इतकी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी कोकणातली असल्यामुळे माझा या विषयाचा अनुभव दांडगा आहे. गॅस बंद आहे का, गाडीला स्टेपनी आहे का, मुलं शाळेतून पोचली का, हे सगळं त्या माझ्याआधी विचारायच्या. मोबाइलवर त्या रोज तीन गावांचं हवामान बघायच्या. एक मस्कत, दुसरं सूर, जिथे आमचं काम चालू होतं, आणि तिसरं फ्रान्समधलं त्यांचं स्वतःचं गाव. त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

आमचं ऑफिस मस्कतच्याच अल् खुवैर भागात. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करायची, आणि त्याआधी त्यांची मोजमापं घ्यायची, हे आमचं काम. मी नकाशे काढते. मादाम आमच्या मुख्य आर्किटेक्ट होत्या, वयाने साठीला टेकलेल्या. नवीन इंजिनियर मुलं भिंतीचा रंग कुठला, कमानीवर दिवे कसे सोडायचे, यावर बोलायला लागली की त्या पेन खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी उभं राहू दे. सुंदर मग बघू." हे वाक्य ऑफिसात इतकं झालं होतं की चहाचं मशीन बंद पडलं तरी कुणीतरी ते म्हणायचंच.

दुपारी डबे उघडायच्या वेळेला मादामचा फोन लागायचा. इथे व्हिडिओ कॉलचं रडगाणं आहेच, पण ऑफिसच्या लाइनवर ते जमायचं. पलीकडे त्यांचे वडील, मार्सेल, वय पंच्याऐंशीच्या पुढे, स्वयंपाकघरात एकटे बसलेले. मुलगी काय विचारते? जेवलात का, गुडघा कसा आहे, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "उभं आहे ना?" म्हातारबाबा खुर्चीवरून उठायचे, फोन खिडकीकडे वळवायचे, आणि खिडकीतून चर्चचा दगडी मनोरा दिसायचा. कधी धुक्यात, कधी उन्हात, कधी नुसताच काळपट. मादाम तो वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि मग डबा उघडायच्या. पुढे पुढे मला फ्रेंचमधली तेवढी तीन अक्षरं पाठ झाली आणि त्या विचारायच्या आत माझीच मान स्क्रीनकडे वळायला लागली.

त्या चर्चची कथा त्यांनी मला सूरच्या रस्त्यावर तुकड्यातुकड्याने सांगितली. गाडी चालवायला आमचे मुकादम इब्राहिमभाई. ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, इथे तीस वर्षं काढलेले. चर्च कित्येक शतकांचं, मनोरा त्याहून थोडा अलीकडचा. एकदा फ्रान्समध्ये मोठी उलथापालथ झाली, गावोगावच्या घंटा वितळवून तोफा करायला नेत होते, तेव्हा गावकऱ्यांनी आपली घंटा रातोरात गुरांच्या तळ्यात बुडवून ठेवली. पुढच्या पिढीने ती बाहेर काढली. तेव्हापासून तिचा आवाज जरा घोगरा येतो. मादामचं म्हणणं, आत चिखल घट्ट बसला असणार. वडिलांचं म्हणणं, काढताना सगळे प्यायलेले होते आणि त्यांनी ती दगडावर आपटली.

"आमच्याकडं पन तसाच झाला असता," इब्राहिमभाई आरशातून म्हणाले. "फकत पिनारे लपवले असते."

आता त्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला भेगा पडल्या होत्या आणि भिंत मधोमध फुगली होती. तिकडे असल्या चर्चची मालकी गावाच्या कौन्सिलकडे असते. गाव केवढं, तर दोन-तीन आळ्यांचं. पाद्री वर्षातून दोनदा येणार. दुरुस्तीपेक्षा पाडून टाकणं स्वस्त पडेल असं कौन्सिलमध्ये बोललं जात होतं. सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव लागलं तर मात्र विचारल्याशिवाय कुणाला एक दगड हलवता येणार नाही, आणि खर्चालाही हातभार लागेल. त्यासाठी एक समिती बसायची होती. मादामना गावची मुलगी आणि जाणकार म्हणून तिथे साक्ष द्यायची होती.

एवढंच असतं तर त्यांनी एवढी नखं कुरतडली नसती. खरी गोष्ट त्यांनी मला एका पेट्रोल पंपावर सांगितली, इब्राहिमभाई चहा आणायला उतरले होते तेव्हा.

भिंत फुगली होती ती सिमेंटमुळे. जुनी चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि उन्हात सोडून देते. तिला बाहेरून सिमेंट फासलं की पाणी आतच अडकतं आणि वर्षानुवर्षं आतला चुना खातं. मादाम पाच-सहा वर्षांच्या असताना गावाने एका उन्हाळ्यात सगळी उत्तरेची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेतली होती. बायकांनी जेवणं रांधली, पुरुषांनी पोती वाहिली. थापी होती मार्सेल यांच्या हातात. ते गवंडी होते. ओल दिसत होती, चर्च वाचवायचं होतं, आणि नवीन आलेल्या सिमेंटवर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता? काम संपल्यावर त्यांनी लेकीला उचलून तिचा पंजा ओल्या सिमेंटवर दाबला. तो पंजा अजून तिथे आहे.

"पापांना वाटतं, त्यांनी चर्च वाचवलं," मादाम म्हणाल्या. "आणि मला समितीपुढे सांगायचंय की त्यांनी ते मारलं. त्याआधी मला त्यांना सांगायला हवं. मी उद्या सांगते."

तो उद्या आला, दुपारी फोन लागला. "उभं आहे ना?" खिडकी, मनोरा, डबा. सांगितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी ऑफिसात येताना चेहऱ्यावर ठाम निश्चय असायचा, आणि दुपारी पलीकडे ते म्हातारबाबा कॉफीचा कप हलवत, कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत हसले की निश्चय गळून जायचा. मीही दोन मुलांची आई, एका बापाची मुलगी. मला त्यांचा राग यायचा, आणि तरी मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे सरकवायची.

सूरजवळच्या ज्या वस्तीत आमचं काम होतं, तिथे एक जुनी मशीद होती. नमाज आता पलीकडच्या नव्या मशिदीत होतो, ही नुसती उभी होती. समुद्रातला दगड आणि सारूज, म्हणजे भाजलेल्या मातीचा तिकडचा गिलावा, अशी तिची बांधणी. मादामनी तिच्या प्रत्येक भेगेवर काचेची एकेक पातळ पट्टी आडवी चिकटवली होती. भिंत सुताभर जरी हलली तरी काच तडकते आणि आपल्याला कळतं. दर भेटीला त्या गाडीतून उतरल्या की कुणाशी न बोलता त्या काचांकडे जायच्या. काच अख्खी दिसली की मग सलाम-दुवा.

त्या मशिदीची किल्ली सालिम नावाच्या वयस्क गृहस्थांकडे असायची. उभी हयात त्यांनी गलबतं बांधण्यात घालवली होती. तरुणपणी मुंबईपर्यंत जाऊन आलेले, त्यामुळे हिंदी येत होतं. दोघांच्या मध्ये दुभाषी मी. रमझान तोंडावर आला होता आणि आम्हाला तीन-चार आठवडे तिकडे जाता आलं नव्हतं. गेलो तर मशीद ओळखूच येईना. राखाडी, तुळतुळीत, चारही बाजूंनी सिमेंट. काचेच्या पट्ट्यासुद्धा त्याच्याखाली गेलेल्या.

सालिम दारातच उभे होते, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशात, लग्नघरातल्या यजमानासारखे. "मादाम को बोलो," ते मला म्हणाले, "अब पानी अंदर नहीं जाएगा. खलास. हमारे सब लोग ने मिलकर किया. जहाज को जैसा बाहर से बंद करते हैं, वैसा."

आता बघा. जन्मभर नाव बांधलेल्या माणसाला पाणी कुठून येतं? बाहेरून. फळ्यांच्या फटी बुजवा, बाहेरून लेप द्या, आत कोरडं. भिंतीला पाणी पायाखालून, आतून चढतं, हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. आमच्या खाडीवरच्या कुणा सुताराला सांगितलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं.

इब्राहिमभाई माझ्या कानाशी आले. "ताई, आता ही बाय म्हाताऱ्याला खाते बघा."

मलाही तेच वाटत होतं. सगळ्या रस्त्याने त्यांचं हवामान बघणं, काचांची काळजी, मी पाहिलेली होती. मादाम भिंतीपाशी गेल्या. हात लावला. सिमेंटवर थापीचे फराटे होते आणि एका कोपऱ्यात, जिथे थापी पोचत नव्हती तिथे, बोटांनी फिरवल्याच्या खुणा. त्यांनी विचारलं, "ही बोटं कुणाची?" मी विचारलं. सालिमनी आपला हात वर केला. मादामनी त्या खुणांवर आपली बोटं ठेवली आणि भिंतीला कपाळ टेकून तिथेच रडायला लागल्या. सालिम घाबरले. "क्या हुआ? रंग पसंद नहीं?"

त्या दिवशी त्यांनी खजूर खाल्ले, काहवा घेतला, आभार मानले. परत येताना इब्राहिमभाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं, जे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ आहे.

पुढच्या वेळी मादामनी छिन्नी-हातोडा बरोबर घेतला आणि दोन्ही सालिमच्या हातात दिले. "यांना सांग, मला इथे एक छोटी खिडकी पाडून हवी आहे. यांच्याच हाताने." सालिमनी कुरकुरत सिमेंटचा एक टवका काढला. मादाम म्हणाल्या, "आता हात आत घाला." त्यांनी घातला, आणि बाहेर काढला तेव्हा बोटांना ओला चिखल लागलेला. इतक्या कडक उन्हात, एवढ्या थोड्या दिवसांत. ते बराच वेळ बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "नीचे से?"

"नीचे से," मी म्हटलं.

"और मैंने ऊपर से ढक्कन लगाया."

"प्यार से लगाया," मादामनी सांगायला सांगितलं. मी सांगितलं. सालिमनी डोक्याची कुम्मा टोपी सारखी केली, वस्तीकडे तोंड करून दोन-चार नावं पुकारली आणि म्हणाले, "यल्ला." ज्यांनी लावलं त्यांनीच ते उतरवलं. ते चालू असेपर्यंत मादाम सूरलाच मुक्कामाला राहिल्या आणि भिंत पडेल या भीतीने जेवल्या की नाही ते देव जाणे. भिंत उभी राहिली.

मला वाटलं, आता तरी त्या वडिलांशी बोलतील. म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "सालिमना भिंत मिळाली परत. पापांना काय मिळणार? तो पंजा पण निघून जाईल."

समितीच्या दिवसापर्यंत सांगणं झालं नाही ते नाहीच.

त्या दिवशी मीटिंग रूममध्ये आम्ही दोघीच. लॅपटॉप आणि लाइन सांभाळायला मी. मादामनी गळ्यात रुमाल बांधला होता आणि तो सारखा सैल-घट्ट करत होत्या. पडद्यावर त्यांच्या गावचा हॉल, एका लांब टेबलामागे समिती, आणि पहिल्या रांगेत कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून मार्सेल. मादाम चर्चच्या इतिहासावर बोलल्या. घंटेचं आलं तेव्हा हॉलमध्ये लोक हसले. तेवढ्यात आमचं चित्र गोठलं. तिकडून कुणीतरी हात हलवून काहीतरी विचारलं. तिकडचं आम्हाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण आमचं तिकडे पोचत नव्हतं. मी धावपळ करून केबल काढायला लागले तोच मादामनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की नंतर लाल झालं होतं.

पडद्यावर समितीतल्या एका बाईंनी फोटो वर धरून काहीतरी विचारलं होतं. फोटोत राखाडी भिंत होती. आणि मार्सेल उभे राहिले. त्यांनी आधी मागच्या मोठ्या पडद्याकडे वळून बघितलं, जिथे आतापर्यंत त्यांची मुलगी दिसत होती. अध्यक्षांना एक प्रश्न विचारला. अध्यक्षांनी मान हलवली. मग ते बोलले, फार नाही, चार-पाच वाक्यं, टोपी दोन्ही हातांत फिरवत, आणि खाली बसले.

माझ्या शेजारी मादाम तोंडावर रुमाल दाबून बसल्या होत्या. मला एक शब्द कळला नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी मला सांगितलं. मार्सेलनी आधी विचारलं होतं, "मस्कतची लाइन गेली ना? ती ऐकत नाही ना?" आणि मग म्हणाले होते, "सिमेंट मी लावलं. त्यानेच भिंत सडली, हे मला बरीच वर्षं माहीत आहे. निघेल तेवढं मी स्वतः काढीन. फक्त माझ्या मुलीला हे सांगू नका. तिचा पंजा आहे त्यात, तिला वाईट वाटेल."

बापलेक रोज दुपारी एकमेकांना मनोरा दाखवत होते आणि दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. मी उठून काचेबाहेर बघत राहिले, कारण माझेही डोळे भरले होते आणि मला माझ्या बाबांना फोन करावासा वाटत होता.

समितीने यादीत नाव घातलं नाही. नाकारलंही नाही. सिमेंट उतरवा, आतली भिंत बघू, मग ठरवू, तोवर चर्चला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. म्हणजे भीती संपली नाही, लांबली. महिन्याभरात मादामनी इथलं काम सोडलं. निघताना आमच्याकडे जेवायला आल्या, सवयीने भिंत वाजवली, "कोरडी आहे," म्हणाल्या आणि काचेच्या पट्ट्यांचं एक खोकं माझ्या हातात दिलं. "मशिदीकडे तू बघत जा. सालिमना एकटं सोडू नकोस." विमानतळावर त्यांनी माझ्या गालाला गाल लावले आणि कानात काय सांगावं? गॅस बंद केलाय का, एवढंच.

परवा मी सूरला गेले होते. सगळ्या काचा अख्ख्या. सालिमनी मला फोन लावायला लावला. इथून व्हिडिओ लागेल अशी आशा नव्हती, पण लागला. "उभी आहे ना?" मादामनी विचारलं. मी फोन मशिदीकडे फिरवला, भेगेवरची काच जवळून दाखवली. सालिमनी मध्ये येऊन भिंतीवर दोन थापा मारल्या. मग मी माझ्या पाठ केलेल्या तीन अक्षरांत विचारलं, "उभं आहे ना?"

त्या त्याच स्वयंपाकघरात होत्या. केस आणखी पांढरे, अंगावर चुन्याने माखलेला जुना स्वेटर. मागे मार्सेल कुत्र्याला काहीतरी भरवत होते. भिंत अर्धी उघडी झाली होती, लाकडी टेकू लावले होते, आणि थंडीच्या आत झाकली गेली नाही तर काय, हे त्या एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. मग त्यांनी फोन खिडकीकडे वळवला. खिडकीत, काचेला टेकून, सिमेंटचा एक जाड तुकडा उभा होता, आणि त्यावर लहान मुलीचा पंजा. म्हातारबाबांनी तो भिंतीतून अख्खा कापून काढला होता आणि आणून ठेवला होता तो नेमका मनोऱ्याच्या समोर. मनोऱ्याचं वरचं टोक दिसत होतं. खालचा सगळा भाग पंजाच्या मागे.

"अहो, अर्धाच दिसतोय," मी म्हटलं. "जरा बाजूला करा ना."

मादामनी मागे वळून वडिलांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्यांनी ठेवलाय तिथे, राहू दे. खालचा भाग असेलच उभा."